जुन्या रोड सायकलची चेनरिंग बदलताना : आधी क्रँक मोजा, दाते नंतर ठरवा

पुढे ५३ आणि ३९ दात्यांच्या चेनरिंग (पॅडलजवळच्या दातेरी चकत्या) असलेली जुनी रोड सायकल, आणि समोर सिंहगडाचा किंवा ताम्हिणीचा चढ. सायकलवाला ३४ दात्यांची चेनरिंग ऑनलाइन मागवतो. ती घरी येते आणि बोल्टची भोकंच जुळत नाहीत. हे पुन्हा पुन्हा घडतं, आणि बहुतेक वेळा चूक एकच असते: दात्यांचा आकडा आधी ठरवला जातो, क्रँक (पॅडलची दांडी आणि चेनरिंग धरणारा भाग) नंतर पाहिला जातो. आपल्या क्रँकवर काय बसतं ते आधी शोधायचं. त्यातलं आपल्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काय झेपतं ते मग बघायचं. आपल्याला काय हवं आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा.

इथली माहिती १९८० च्या दशकापासून साधारण २०१२ पर्यंतच्या, पुढे दोन किंवा तीन चेनरिंग असलेल्या रोड सायकलींसाठी आहे. उदाहरणादाखल शिमानोचा १०-स्पीड (मागे दहा चकत्यांचा) १०५, म्हणजे ५६०० मालिका घेतली आहे. जुन्या बाजारात ती बरीच दिसते आणि तिचे आकडे नेमके ठाऊक आहेत.

## १. चेनरिंग खरोखर झिजली आहे का?

सुरुवात चेनपासून करा. चेन सायकलवर ताणलेली असताना स्टीलची पट्टी लावा. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते पाहा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिमी भरतं. ३०६.३ च्या आसपास आलं की चेन अर्धा टक्का वाढली, ३०७ च्या पुढे गेलं की बदलायची वेळ आली. ३०८ ला पोचली असेल तर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) गेली असं धरून चाला.

आता दाते. झिजलेल्या दात्याची एक बाजू खोल कुरतडल्यासारखी होते आणि टोक पुढे झुकतं. शार्कच्या पाठीवरचा पर आठवावा असा आकार. आतली, म्हणजे लहान चेनरिंग बहुधा आधी झिजते. तिच्यावर दाते कमी, ताण जास्त आणि चिखलही जास्त. झिजलेली लहान चेनरिंग चेन सोडत नाही. खालच्या बाजूने सुटायच्या ऐवजी चेन दात्यांना चिकटून वर खेचली जाते आणि फ्रेमच्या नळीपाशी अडकते. पावसाळ्यात घाणेरड्या चेननेही असं होतं, म्हणून आधी रॉकेलने चेन धुऊन, वाळवून, तेल घालून पुन्हा पाहा.

चुकीचं निदान, क्रमांक एक. बाहेरच्या चेनरिंगवर काही दाते मुद्दामच बुटके, तिरपे किंवा एका बाजूने तासलेले असतात आणि आतल्या अंगाला छोट्या पिना व उतार असतात. चेन वर चढावी म्हणून कारखान्यातच ही रचना केलेली असते. हे दाते पाहून ‘झिजली’ म्हणत चांगली चेनरिंग फेकून दिली जाते. झीज सगळ्या दात्यांवर साधारण सारखी दिसते. मुद्दाम कापलेले दाते ठरावीक जागीच असतात, बहुधा समोरासमोर.

क्रमांक दोन. नवी चेन टाकली आणि जोर लावताच ती दाते सोडून उडू लागली, तर दोष बहुतेकदा मागच्या कॅसेटच्या लहान चकत्यांचा असतो. चेनरिंगवर चेन बऱ्याच दात्यांना धरून असते, त्यामुळे तिथे उडण्याचं प्रमाण कमी. कॅसेटचं दुखणं चेनरिंग बदलून बरं होत नाही.

## २. क्रँक कोणत्या जातीचा?

चेनरिंग सुटी होते की नाही ते आधी पाहा. स्वस्त क्रँकमध्ये चेनरिंग रिबिटांनी ठोकलेल्या असतात किंवा क्रँकच्या दांडीवर दाबून बसवलेल्या असतात. अशा क्रँकची चेनरिंग बदलत नाही, अख्खा क्रँक बदलतो. अॅलन कीने फिरणारे बोल्ट दिसले तरच पुढे जा.

मग बोल्ट मोजा. क्रँकमधून फुटणाऱ्या बाह्यांना स्पायडर म्हणतात. जुन्या रोड क्रँकमध्ये बहुधा पाच बाह्या असतात. चार सारख्या अंतरावरच्या बाह्या असतील तर तो बहुधा डोंगरी सायकलचा क्रँक. चार बाह्या विषम अंतरावर असतील तर तो शिमानोच्या नव्या पिढीचा. ती पिढी २०१२ च्या ड्युरा-एस ९००० पासून सुरू झाली, तिच्यावर पाच-बोल्टची चेनरिंग बसत नाही आणि तिची चेनरिंग पाच-बोल्टच्या क्रँकवर बसत नाही.

सावध. काही क्रँकमध्ये चारच बाह्या दिसतात, पण पाचवा बोल्ट क्रँकच्या दांडीमागे लपलेला असतो. कॅम्पाग्नोलोच्या काही कॉम्पॅक्ट (लहान चेनरिंगच्या) क्रँकमध्ये तर हा पाचवा बोल्ट किंचित वेगळ्या वर्तुळावर असतो. तिथे साधी पाच-बोल्टची चेनरिंग चार जागी बसते आणि पाचव्या जागी अडते. दांडीमागे बोट फिरवून खात्री करा.

## ३. बीसीडी मोजा

खरेदी इथेच फसते, म्हणून या पायरीवर घाई नको.

बीसीडी म्हणजे सगळ्या बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. पाच बोल्टच्या क्रँकवर तो थेट मोजता येत नाही, कारण एका बोल्टसमोर दुसरा बोल्ट नसतो. पट्टी आडवी धरून अंदाजाने १३० म्हणणारे इथेच चुकतात. त्याऐवजी शेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर घ्या आणि त्याला १.७०१ ने गुणा.

बोल्टचा मध्य डोळ्याने शोधू नका. एका बोल्टच्या डाव्या कडेपासून शेजारच्या बोल्टच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा, ते अंतर मध्य ते मध्य इतकंच असतं. व्हर्नियर कॅलिपर हवाच, कारण १३० आणि १३५ यांच्यात शेजारच्या बोल्टचा फरक जेमतेम ३ मिमी आहे. बोल्ट काढलेले असतील तर भोकाच्या कडांवर हीच रीत वापरा. तीन वेगवेगळ्या जोड्या मोजून पाहा.

पाच बोल्टच्या क्रँकसाठी शेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर आणि त्यावरून निघणारा बीसीडी:

- ८४.६ मिमी : बीसीडी १४४. जुने कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड, त्या धर्तीचे जपानी क्रँक, ट्रॅक सायकली.
- ७९.४ मिमी : बीसीडी १३५. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरचे कॅम्पाग्नोलो.
- ७६.४ मिमी : बीसीडी १३०. शिमानोचे बहुतेक जुने ५३/३९ आणि ५२/४२.
- ७१.७ मिमी : बीसीडी १२२. जुने स्ट्राँगलाइट, फ्रेंच सायकलींवर.
- ६४.७ मिमी : बीसीडी ११०. कॉम्पॅक्ट ५०/३४ आणि जुने टूरिंग क्रँक.
- ५०.५ मिमी : बीसीडी ८६. स्ट्राँगलाइट ९९.
- ४३.५ मिमी : बीसीडी ७४. तिहेरी क्रँकची सगळ्यात आतली चेनरिंग.

तीन बाह्यांच्या क्रँकसाठी १.७०१ ऐवजी १.१५५ ने गुणा, चार समान बाह्यांसाठी १.४१४ ने.

तिहेरी क्रँकला दोन बीसीडी असतात. बाहेरच्या आणि मधल्या चेनरिंगचा एक, सगळ्यात आतल्या लहानीचा दुसरा. १३० आणि ७४ ही रोड सायकलींवरची नेहमीची जोडी. मागवताना कोणती चेनरिंग बदलायची आहे तिचाच आकडा द्या.

तपासा. तुमचा आकडा वरच्या यादीतल्या एखाद्या आकड्याच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत यायला हवा. ७८ आलं तर ते ‘१३० किंवा १३५, काहीतरी’ नाही. मोजणी चुकली, पुन्हा मोजा. जुन्या चेनरिंगच्या आतल्या अंगाला बीसीडी कोरलेला असला तर तो ताडून पाहा, पण केवळ त्यावर विसंबू नका.

ऑनलाइन बाजारात स्वस्तात दिसणाऱ्या चेनरिंगपैकी बऱ्याचशा १०४ बीसीडीच्या, चार बोल्टच्या, डोंगरी सायकलींच्या असतात. ‘सर्व सायकलींना चालते’ असं वर्णन असलेली चेनरिंग तुमच्या सायकलला चालणार नाही, इतकं गृहीत धरलं तर पैसे वाचतील.

## ४. या बीसीडीवर सर्वांत लहान कोणती बसते?

चेनरिंग जितकी लहान, तितके दाते बोल्टच्या जवळ येतात. एका मर्यादेनंतर चेन बोल्टवर किंवा बाहीच्या टोकावर घासते, म्हणून प्रत्येक बीसीडीला किमान दाते ठरलेले आहेत:

- १४४ वर ४१
- १३५ वर ३९
- १३० वर ३८
- १२२ वर ३८
- ११० वर ३४ (काही उत्पादक ३३ ही बनवतात)
- ८६ वर २८
- ७४ वर २४

म्हणजे तुमचा क्रँक १३० चा असेल तर ३४ ची चर्चा इथेच संपली. ३९ वरून ३८ पर्यंत उतरता येतं, त्याखाली नाही. भोकं नव्याने पाडून, अडॅप्टर लावून ३४ बसवून देतो म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. चेनरिंगवर उभं राहून जोर लावला जातो, तिथे जुगाड नको.

## ५. बाहेरची की आतली, किती स्पीडची?

तोच बीसीडी आणि तेच दाते असले तरी बाहेरची आणि आतली चेनरिंग अदलाबदल करून चालत नाही. बाहेरचीवर पिना आणि उतार असतात, आतलीवर नसतात. बोल्टचं डोकं बसायची खोलगट जागाही वेगवेगळ्या बाजूंना असते. तिहेरी क्रँकची मधली आणि दुहेरी क्रँकची आतली, दोन्ही ३९ च्या असल्या तरी एकच समजू नका. मधलीवर चेन वर चढवायच्या खुणा असतात.

स्पीड म्हणजे मागच्या कॅसेटच्या चकत्यांची संख्या. चेनचा टप्पा सगळीकडे १२.७ मिमीच असतो, बदलते ती बाहेरची रुंदी: ८-स्पीडची साधारण ७.१ मिमी, ९ ची ६.६, १० ची ५.९, ११ ची ५.५ च्या आसपास. दोन चेनरिंगमधली फट त्या हिशेबाने ठेवलेली असते. ७ किंवा ८ स्पीडच्या रुंद फटीत १० ची अरुंद चेन टाकली की कधीतरी ती दोन चेनरिंगच्या मध्ये अडकते, किंवा लहानीच्या दात्यांवर न बसता वरूनच घसरते. एका पायरीचा फरक, म्हणजे ९ स्पीडच्या सायकलवर १० ची चेनरिंग, बहुधा चालून जातो. घासण्याचा थोडा आवाज आला तर डिरेलर किंचित सरकवून निभावतं. दोन पायऱ्यांचा फरक टाळा.

जुन्या गावठी सायकलींच्या आणि ट्रॅकच्या चेनरिंगचे दाते जाड असतात, १/८ इंचाच्या चेनसाठी. गिअरच्या सायकलीची चेन ३/३२ इंचाची असते, ती त्या दात्यांवर बसतच नाही. मागवताना ३/३२ लिहिलं आहे ना, बघून घ्या.

जोडीची अक्षरं. शिमानोच्या चेनरिंगवर दात्यांच्या आकड्याशेजारी ए, बी अशी अक्षरं कोरलेली असतात, कधी जोडीदार चेनरिंगचा आकडाही असतो. बाहेरचीवरच्या पिना ठरावीक आकाराच्या आतल्या चेनरिंगसाठी मांडलेल्या असतात, त्याची ही खूण. अक्षरांचा अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो, तेव्हा जुन्या चेनरिंगवरचं सगळं कोरीव काम फोटो काढून ठेवा आणि तेच दुकानदाराला पाठवा. जोडी जुळली नाही तरी सायकल चालते, फक्त मोठीवर चेन चढायला आळस करते. डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर) साधे फ्रिक्शन शिफ्टर, म्हणजे टप्पे नसलेले गिअरचे खटके, असतील तर हा फरक हाताने सावरता येतो. ब्रेकच्या मुठीत गिअर असलेल्या सायकलवर मात्र तो जास्त जाणवतो.

## ६. आता दाते

आतापर्यंत तुमच्याकडे बीसीडी, किमान दाते आणि स्पीड आहे. आता चढावर काय फरक पडतो ते आकड्यात पाहू. ७०० बाय २५ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातो. मिनिटाला ६० फेरे पॅडल मारत चढायचं म्हटलं तर ताशी वेग असा पडतो:

- ३९ पुढे, २५ मागे : ११.८ किमी
- ३८ पुढे, २५ मागे : ११.५ किमी
- ३९ पुढे, २७ मागे : १०.९ किमी
- ३४ पुढे, २७ मागे : ९.५ किमी
- ३० पुढे (तिहेरी), २५ मागे : ९.१ किमी
- २८ पुढे (तिहेरी), २५ मागे : ८.५ किमी

वेग जितका कमी, तितका चढ सोपा. चढाने तुम्हाला ताशी ८ किमीवर आणलं आणि तुमचा गिअर ११.८ चा असेल, तर पॅडल मिनिटाला ४० फेऱ्यांवर येतात. गुडघे दुखण्याचं बरंचसं कारण इथे असतं.

यादीतल्या पहिल्या तीन ओळी पुन्हा वाचा. १३० च्या क्रँकवर ३९ काढून ३८ लावली तर अडीच टक्के फायदा. तोच क्रँक ठेवून कॅसेट १२-२५ ची १२-२७ केली तर साडेसात टक्के. घाटासाठी चेनरिंग बदलणाऱ्या १३० वाल्यांनी आधी कॅसेट बदलावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. झिजली म्हणून आतली बदलायचीच असेल तर ३८ घ्या. न झिजलेली ३९ केवळ चढासाठी काढू नका.

बाहेरचीबाबत हात सैल सोडायला हरकत नाही. ५३ पुढे आणि १२ मागे, मिनिटाला ९० फेरे म्हणजे ताशी ५० किमी. सपाटीवर हा वेग एकट्याने टिकवणारे थोडे, आणि उतारावर पॅडल मारायची गरज पडत नाही. १३० बीसीडीत ५० ची बाहेरची मिळते. ५०/३८ ही जोडी जुन्या सायकलवर फार समाधानकारक चालते: उडी १२ दात्यांची, चेन पटकन चढते, आणि मोठ्या चेनरिंगवर राहून सपाटीचा सगळा रस्ता निघतो.

पुढच्या डिरेलरचा हिशेब. मोठी वजा लहान. जुन्या दुहेरी डिरेलरला १४ ते १६ दात्यांचा फरक झेपतो.

मागच्या डिरेलरचा हिशेब. पुढचा फरक अधिक मागचा फरक. ही बेरीज डिरेलरच्या क्षमतेत बसायला हवी; क्षमता पिंजऱ्याच्या, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाच्या, लांबीवर ठरते. ५६०० च्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरची क्षमता २९ दाते, लांब पिंजऱ्याची ३७. आखूडची मागच्या सर्वांत मोठ्या चकतीची अधिकृत मर्यादा २७.

उदाहरणं करून पाहू. ५३/३९ आणि १२-२५ : १४ अधिक १३, एकूण २७. चालेल. ५०/३८ आणि १२-२७ : १२ अधिक १५, पुन्हा २७. चालेल. कॉम्पॅक्ट ५०/३४ आणि १२-२७ : १६ अधिक १५, एकूण ३१. आखूड डिरेलरच्या क्षमतेच्या बाहेर. याचा अर्थ लहान-लहान जोडीत चेन लोंबेल. ती जोडी वापरली नाही तर निभावतं, पण कागदावर बसत नाही हे माहीत असू द्या.

तिहेरी क्रँकवाल्यांचं नशीब चांगलं. ५२/३९/३० आणि १२-२५ चा हिशेब २२ अधिक १३, म्हणजे ३५. आतली ३० काढून ७४ बीसीडीची २८ लावली तर बरोबर ३७, लांब पिंजऱ्याच्या क्षमतेला नेमकं भिडतं. २६ लावली तर ३९ होतात, दोन दाते जास्त. शिवाय ३९ वरून २६ वर उडी मोठी पडते आणि चेन आत फ्रेमकडे पडू शकते. २६ घ्यायचीच असेल तर चेन अडवणारा छोटा अडसर सीटच्या नळीवर लावा.

३४ हवीच असेल तर क्रँक बदला. ५६०० चा हॉलोटेक क्रँक (अ‍ॅक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला) असेल तर त्याच बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँक फिरतो त्या फ्रेममधल्या बेअरिंगमध्ये) ११० बीसीडीचा कॉम्पॅक्ट, म्हणजे ५६५० किंवा ५७५०, सरळ बसतो. ऑक्टालिंकवाल्यांना (शिमानोचा खाचांच्या अ‍ॅक्सलचा जुना प्रकार) त्याच जातीचा क्रँक शोधावा लागेल, नाहीतर बॉटम ब्रॅकेटही बदलावा लागेल. चौकोनी अ‍ॅक्सलवर बसणारा क्रँक असेल तर नव्या क्रँकला कोणत्या लांबीचा अ‍ॅक्सल लागतो ते पाहा, कारण त्यावर चेनची सरळ रेषा ठरते. सीटच्या नळीच्या मध्यापासून दोन चेनरिंगच्या मध्यापर्यंत दुहेरीसाठी ४३.५ मिमी, तिहेरीसाठी मधलीपर्यंत ४५ मिमी, हे लक्ष्य.

## ७. मागवण्यापूर्वी कागदावर लिहा

बीसीडी, बोल्टची संख्या, बाहेरची की मधली की आतली, दाते, स्पीड, जुन्या चेनरिंगवरचं कोरीव काम. इतकं लिहून झाल्याशिवाय पैसे देऊ नका. १३०, १३५, १४४, १२२ या जुन्या मापांच्या चेनरिंग आजही फ्रान्सच्या टीए आणि स्ट्राँगलाइटसारख्या कंपन्या बनवतात. परदेशातून येणार असतील तर सीमाशुल्क धरून हिशेब करा. कधी कधी जुना अख्खा कॉम्पॅक्ट क्रँक स्वस्त पडतो.

बोल्टही सोबत मागवा. दुहेरीचे बोल्ट आणि एकेरीचे बोल्ट यांची लांबी वेगळी असते. दोन चेनरिंग असतील तर दुहेरीचेच हवेत. तिहेरीची आतली वेगळ्या बोल्टवर बसते.

## ८. काढणं आणि बसवणं

लागणारी हत्यारं: ५ मिमी अॅलन की, चेनरिंगच्या नटाच्या खाचेत बसणारा चपटा पाना, क्रँकनुसार पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार), ग्रीस, टॉर्क रेंच असल्यास उत्तम.

क्रँक सैल करण्याआधीच चेनरिंगचे बोल्ट पाव फेरा ढिले करा. क्रँक सायकलवर घट्ट असताना पकड चांगली मिळते. चेन मोठ्या चेनरिंगवर ठेवा, म्हणजे अॅलन की निसटली तर मूठ दात्यांवर आपटणार नाही. नट मागून गरगर फिरत असेल तर खाचेत पाना धरून ठेवा.

हॉलोटेकचा क्रँक काढताना डाव्या दांडीचे दोन बोल्ट ढिले करा, प्लास्टिकची टोपी तिच्या हत्याराने काढा, सुरक्षा-पट्टी उचला, दांडी ओढून काढा, मग उजवा क्रँक अ‍ॅक्सलसकट बाहेर. चौकोनी अ‍ॅक्सलचा असेल तर मधला बोल्ट काढा, आतला वायसर राहिला नाही ना ते टॉर्चने पाहा, आणि पुलर शेवटपर्यंत आत फिरवूनच दाब द्या. वायसर आत राहिला तर पुलर अ‍ॅक्सलऐवजी त्यावर दाबतो आणि क्रँकचे आटे जातात. बहुतेक क्रँकला २२ मिमीचा पुलर चालतो. जुन्या टीएला २३ आणि जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमीचा लागतो. २२ चा ढिला बसतोय असं वाटलं तर तिथेच थांबा.

स्पायडर स्वच्छ पुसा. चेनरिंग जिथे टेकते तिथे आणि बोल्टच्या आट्यांना पातळ ग्रीस लावा. नंतरची करकर बहुतेक वेळा इथल्या कोरडेपणाची असते.

दिशा. बाहेरच्या चेनरिंगची खोलगट भोकं बाहेर तोंड करून, बोल्टचं डोकं त्यात बसेल अशी. आतलीची खोलगट भोकं फ्रेमकडे, नट बसेल अशी. अक्षरं कोणत्या बाजूला आहेत यावर जाऊ नका, ती प्रत्येक कंपनीत निराळी असतात. बाहेरचीवर एक आखूड पिन बाहेर आलेली असते. ती क्रँकच्या दांडीमागे येईल अशी फिरवा, चेन बाहेर पडलीच तर दांडी आणि चेनरिंगमध्ये अडकू नये म्हणून ती असते. आतलीवर छोटं टोक किंवा बाणाची खूण असेल तर तीही दांडीच्या रेषेत आणा. हे चुकलं तर पिना आणि उतार भलत्याच जागी येतात आणि डिरेलर कितीही जुळवला तरी चेन नीट चढत नाही.

पाचही बोल्ट हाताने बसवा. मग एक सोडून एक अशा क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करा. स्टीलचे बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर. अॅल्युमिनियमच्या बोल्टसाठी पाकिटावरचा आकडा पाळा, ते तुटतात.

तपासा. बोल्ट घट्ट झाले तरी चेनरिंग हाताने हलते? बोल्ट लांब आहेत, नटाच्या तळाला टेकून बसलेत. आणखी जोर लावून उपयोग नाही, योग्य लांबीचे आणा.

क्रँक परत बसवताना हॉलोटेकची टोपी फक्त बोटांच्या जोरावर, खेळ निघेपर्यंतच. मग दोन बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन मीटर. चौकोनीचा मधला बोल्ट ३५ ते ४० न्यूटन मीटर. क्रँक फिरवून मोठी चेनरिंग फ्रेमच्या नळीला कुठे लागत नाही ना ते पाहा.

## ९. डिरेलर आणि चेन

मोठी चेनरिंग लहान केली आणि पुढचा डिरेलर तिथेच ठेवला, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एक दाता कमी झाला की त्रिज्या साधारण २ मिमीने घटते. ५३ ची ५० केली तर डिरेलर ६ मिमी खाली यायला हवा. डिरेलरच्या बाहेरच्या पट्टीची खालची कड दात्यांच्या टोकांपासून १ ते ३ मिमी वर, आणि पट्टी चेनरिंगला समांतर. पट्ट्याने बांधलेला डिरेलर सहज सरकतो. फ्रेमला झाळलेल्या कानावर बसणारा असेल तर खाचेत ६ मिमी जागा उरली आहे का ते चेनरिंग मागवण्यापूर्वीच पाहा.

मग क्रम असा: केबल सोडा. चेन पुढे लहान आणि मागे मोठी ठेवून आतला स्क्रू (डिरेलर आत किती जाईल ते ठरवणारा) जुळवा, आतली पट्टी चेनला जेमतेम न लागेल इतका. केबल ताणून बांधा. चेन पुढे मोठी आणि मागे लहान ठेवून बाहेरचा स्क्रू तसाच. स्क्रूआधी केबलशी खेळत बसलं की अर्धा दिवस जातो.

चेनची लांबी: चेन मागच्या डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठीवर आणि मागच्या मोठीवर गुंडाळा. टोकं जुळतात तिथून एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, जास्त ठेवा. चेनरिंग लहान केली असेल तर जुनी चेन बहुधा आहे त्या लांबीत चालते. मोठी केली असेल किंवा मागे मोठी कॅसेट लावली असेल तर ही तपासणी अनिवार्य. चेन लांब असली तर लोंबते. आखूड असली तर मोठी-मोठी जोडी लागताच मागचा डिरेलर आणि हँगर (तो जिथे टांगतो तो फ्रेमचा कान) मोडतात.

नव्या चेनरिंगवर ३०७ मिमी ओलांडलेली चेन चढवू नका. नवे दाते जुन्या चेनच्या मापाला झिजायला फार दिवस लागत नाहीत.

## १०. पहिल्या ३० किलोमीटरनंतर

चेनरिंगचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कवर तपासा. नव्या बोल्टमध्ये थोडा ढिलेपणा येणं स्वाभाविक आहे. त्यानंतरही तक्रार राहिली तर:

- प्रत्येक फेऱ्याला एक टक आवाज, जोर लावल्यावरच : चेनरिंगचा एखादा बोल्ट ढिला, किंवा क्रँक अ‍ॅक्सलवर नीट बसलेला नाही.
- चेन डिरेलरच्या पट्टीला फेऱ्यात एकाच जागी घासते : चेनरिंग वाकडी, किंवा एका बाहीखाली घाण अडकली. त्या बाहीचा बोल्ट काढून पुसा.
- मोठीवर चढताना चेन घुटमळते : चेनरिंग फिरवून बसली आहे, दांडीमागची पिन बघा. ती जागेवर असेल तर डिरेलर उंच राहिला आहे.
- चेन आत पडते : आतला स्क्रू पाव फेरा आवळा.
- चेन दोन चेनरिंगच्या मध्ये अडकते : चेन फटीच्या मानाने अरुंद आहे. ८ स्पीडच्या जुन्या जोडीवर १० ची चेन टाकलेली असते तेव्हा हे होतं. डिरेलरला हात लावू नका, चेन बदला.